दहाची नोट आणि एकशे चोवीस अक्षरं : टॉर्नेडो कॅशबद्दल एका बँकवालीचा अभिप्राय

टॉर्नेडो कॅश ही क्रिप्टो-पैशांचा माग पुसणारी सेवा. आधीच सांगते, मी तिची गिऱ्हाईक नव्हे. माझं काम नेमकं उलट बाजूचं. एका नागरी सहकारी बँकेत एकोणतीस वर्षं झाली, त्यातली शेवटची आठ केवायसी-एएमएल कक्षात, म्हणजे गिऱ्हाईक कोण आणि पैसा काळा तर नाही हे तपासणाऱ्या कक्षात. दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल (सीटीआर) पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत दिल्लीला एफआययूकडे, सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता कक्षाकडे, गेला की नाही ते बघायचं, आणि सॉफ्टवेअरनं लाल केलेल्या खात्यांपैकी कुठलं खरंच संशयास्पद आणि कुठलं नुसतंच लग्नसराईचं, ते ठरवायचं. संशय पक्का झाला तर एसटीआर, म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा अहवाल. तो कुणावर केला हे सांगायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा माझ्या बँकेतला एकही किस्सा इथं मिळणार नाही. मिळेल तो भाच्याचा. त्याची परवानगी घेतली आहे. त्याची अट एवढीच, की नाव नको आणि ‘मूर्खपणा’ हा शब्द नको.

भाचा कोथरूडला राहतो, वेबसाइटचं डिझाइन करतो, गिऱ्हाइकं बहुतेक परदेशातली. त्यातला एक लिस्बनचा. हा माणूस पैसे क्रिप्टोत द्यायचा, यूएसडीसी या डॉलरच्या भावाशी बांधलेल्या नाण्यात. (परदेशी कामाचे पैसे बँकेवाटे न आणता असे घेणं फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, कुठं बसतं, यावरून त्याचा सीए त्याच्यावर ओरडला. मी त्यामानानं कमी ओरडले.) २०२१च्या दिवाळीनंतर भाच्यानं दर वाढवून मागितला तेव्हा लिस्बनवाल्यानं उत्तर दिलं, की तुझ्या पाकिटात तर बरेच पडलेत, घाई कशाला?

त्यानं बघितलं होतं. ईथरियम ही एक ब्लॉकचेन, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांची सगळ्यांना खुली वही; तिच्यावर पाकिटाचा पत्ता माहीत असला की कुणालाही सगळं दिसतं : शिल्लक किती, कुठून आली, कुठे गेली. इथरस्कॅन नावाच्या साइटवर पत्ता टाकायचा, बस. भाच्यानं आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मित्राकडून घेतलेले उसने पैसे आणि ते परत केल्याच्या तारखासुद्धा त्या लिस्बनच्या माणसाला बसल्या जागी वाचता येत होत्या. माझी बहीण हे ऐकून आठवडाभर धुसफुसत होती. तिच्या गुडघ्याची माहिती पोर्तुगालला कशी गेली, हे तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

क्रिप्टो म्हणजे गुपचूप कारभार असं आपण धरून चालतो, ते इथं उलटं पडतं. बँकेत तुमचं खातं शेजारणीला दिसत नाही, पण मला दिसतं, आणि रीतसर पत्र आलं तर तपास यंत्रणेलाही दिसतं. ब्लॉकचेनवर शेजारीण सगळं बघू शकते, फक्त दारावर नावाची पाटी नसते. आणि पाटी एकदा कुणाला कळली, की मागची पुढची सगळी वर्षं उघडी.

टॉर्नेडो कॅश यावरचा उपाय म्हणून आलं. २०१९चं काम, करणारे तिघे : रोमन स्टॉर्म, रोमन सेम्योनोव्ह आणि अलेक्सी पेर्त्सेव्ह. मला ते भाच्यानं दाखवलं २०२२च्या संक्रांतीला. तिळगूळ घेऊन डोंबिवलीला आला होता, सोबत लॅपटॉप. तेव्हा ‘गोअर्ली’ नावाचं एक सरावाचं जाळं होतं, ईथर (ईथरियमचं चलन) खोटे, व्यवहार खरे. म्हणाला, “मावशी, तू रोज लोकांच्या पैशांचा माग काढतेस ना? हा काढून दाखव.”

काळी पाटी, हिरवी अक्षरं. आमच्या बँकेत १९९७ साली होते तसल्या मॉनिटरची आठवण झाली. रक्कम हवी तेवढी टाकता येत नाही, चारच टप्पे : ०.१, १, १० आणि १०० ईथर. उजव्या बाजूला त्या टप्प्यात आजवर किती ठेवी आल्या त्याचा आकडा, आणि शेवटच्या काही ठेवी किती मिनिटांपूर्वी आल्या ते. मला आधी हे चार टप्पे म्हणजे अडाणीपणा वाटला. सगळी गंमत त्यातच आहे, हे पाच मिनिटांनी कळलं.

टिटवाळ्याच्या गणपतीबाहेरचा चपलांचा स्टँड डोळ्यांसमोर आणा. कल्पना करा, की सगळ्यांच्या चपला एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. तुम्ही एक जोड ठेवलात, टोकन घेतलंत, दर्शनाला गेलात. येताना कुठलाही जोड उचला, सगळे सारखेच. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला आत गेलेली माणसं दिसतात, बाहेर आलेलीही दिसतात, पण कुणी कुणाची चप्पल नेली हे सांगता येत नाही. एकानं जरी साडेतीन ईथरची चप्पल ठेवली असती तर ती शंभरात ओळखू आली असती. म्हणून टप्पे. आणि गर्दी हवी. अंगारकीला तुम्ही गर्दीत हरवून जाता. एरवीच्या बुधवारी दुपारी दोनला स्टँडवर तुमचाच जोड असेल तर टोकनाचा काय उपयोग?

एकच फरक, आणि त्याला दाद द्यायलाच हवी. इथं टोकन दाखवायचंच नाही. टोकन माझ्याकडे आहे एवढं गणितानं पटवायचं, कुठलं आहे ते न सांगता. याला झिरो-नॉलेज प्रूफ म्हणतात. माझं गणित बी.कॉम.पुरतं, त्यामुळे भाच्यानं कागदावर काढलेली झाडासारखी आकृती मी नुसती मान हलवून बघितली. पण ‘काढा’चं बटण दाबल्यावर लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला, कारण तो पुरावा तिथंच, त्याच मशीनवर तयार होत होता. कुठे पाठवला जात नव्हता. पैसे एका कोऱ्या पत्त्यावर काढायचे, पण गॅस, म्हणजे व्यवहार नोंदवायची फी, भरायला त्या पत्त्यावर आधी थोडं ईथर हवं, आणि ते जुन्या पाकिटातून पाठवलं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून मधे ‘रिलेअर’ असतो. गॅस तो भरतो आणि आपला हिस्सा त्यातूनच कापून घेतो. दलाली म्हणा.

तर टोकन. ठेव करताना साइटनं एक लांबलचक ओळ दिली आणि तिला नाव काय, तर ‘नोट’. सुरुवातीला टॉर्नेडो, मग ईथ, मग ०.१, मग ५ (तो गोअर्लीचा क्रमांक), आणि पुढे एकशे चोवीस अक्षरं-आकड्यांची माळ. साइट बजावत होती, की ही जपून ठेवा. हरवली तर पैसे गेले. दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर पैसे त्याचे. तक्रार करायला काउंटर नाही, मॅनेजर नाही.

‘नोट’ हा शब्द वाचला आणि मला हसूच फुटलं.

माझे वडील काळबादेवीला मूळजी जेठा मार्केटात एका कापडाच्या पेढीवर हिशेबनीस होते. पेढीचं सुरतेशी येणं-जाणं. पैसे कधी आंगडियानं (रोकड पोचवणाऱ्या खासगी कुरियरनं) यायचे, कधी दुसऱ्या वाटेनं. ती दुसरी वाट अशी : ज्याला पैसे घ्यायचे त्यानं दहाची एक नोट बाजूला ठेवायची आणि तिचा नंबर सुरतेला फोनवर कळवायचा. सुरतेचा माणूस मुंबईतल्या आपल्या माणसाला तो नंबर सांगणार. मग भुलेश्वरच्या एका जिन्याखाली जाऊन ती नोट दाखवायची, नंबर जुळला की पैसे हातात. नाव नाही, सही नाही, पावती नाही. नोट हीच पावती.

१९८३ साल असावं, मी चौथीत. वडिलांनी तशी एक नोट शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलेली, शर्ट खुंटीला. सकाळी भैया दुधाचे पैसे मागत उभा, आईनं खिशात हात घातला, दहाची नोट काढली, देऊन टाकली. वडील आंघोळ करून आले, खिसा चाचपला, आणि मी त्यांना पहिल्यांदाच पंचा गुंडाळलेल्या अवस्थेत जिन्यावरून धावताना बघितलं. चाळीस हजारांची नोट होती ती. भैया तिसऱ्या चाळीत सापडला. त्याच्या बटव्यात दहाच्या अकरा नोटा निघाल्या आणि वडील ओट्यावर बसून एकेकीचा नंबर वाचत होते. मिळाली. आईनं त्या दिवसापासून त्यांच्या खिशाला हात लावला नाही, आणि ‘पेढीवर नक्की करता काय’ हा प्रश्न मात्र दर महिन्याला विचारायला लागली.

तर टॉर्नेडोवाल्यांनी काही नवीन शोधलंय असं मला कुणी सांगू नये. त्यांनी भुलेश्वरच्या जिन्याखालच्या माणसाला तेवढं काढून टाकलं. तो माणूस पैसे घेऊन पळू शकत होता, पोलिसाला फितूर होऊ शकत होता, मरू शकत होता. हा कोड यातलं काहीच करत नाही. मे २०२०नंतर तर त्या ठेवींच्या कराराच्या किल्ल्या करणाऱ्यांनीच मोडून टाकल्या. आता त्यांना स्वतःलाही तो बदलता येत नाही. कारागिरी म्हणून पूर्ण मार्क.

आणखी एक गोष्ट होती जी बातम्यांत कुणी फारशी सांगितली नाही, आणि माझा जीव तिच्यावरच जडला. साइटवर ‘कम्प्लायन्स’ (नियमपालन) नावाचं एक पान होतं. तिथं आपली नोट टाकली की एक पीडीएफ निघायची : ठेव अमुक तारखेला अमुक पत्त्यावरून, काढले तमुक तारखेला तमुक पत्त्यावर. जगापासून लपवलेलं, पण तुम्हाला कुणाला दाखवायचं झालं तर दाखवता येईल, असं. मी भाच्याला म्हटलं, “हे खरं काम. हे पान छापून माझ्या टेबलावर आणून ठेवणारा गिऱ्हाईक मला दाखव, मी त्याला चहा पाजीन.” तो म्हणाला, “मावशी, पण हे देणं ऐच्छिक आहे.” मी म्हटलं, “मग चहा वाचला.”

संक्रांतीचा खेळ तिथंच संपायला हवा होता. मार्चच्या शेवटी चिरंजीवांनी खरोखरचा एक ईथर टाकला. तेव्हाचे अडीच लाखांच्या आसपास. ठेव करायलाच गॅसपोटी सात-आठ हजार गेले. मे महिन्यात नव्या पत्त्यावर काढले. मला सांगितलं नाही. लिस्बनवाल्याला आता नव्या पाकिटात काही दिसत नव्हतं, आणि जूनमध्ये दर वाढवूनही मिळाला. म्हणजे सेवेनं जे कबूल केलं ते दिलं. हे मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण पुढचं वाचून सेवा फसवी होती असा कुणाचा समज नको.

८ ऑगस्ट २०२२ला अमेरिकेच्या अर्थखात्यानं टॉर्नेडो कॅशला निर्बंधांच्या यादीत टाकलं. सांगितलं, की २०१९पासून यातून सात अब्ज डॉलरच्या वर पैसे धुतले गेले, त्यात ४५.५ कोटी उत्तर कोरियाच्या लाझरस टोळीचे. सात अब्ज हा आकडा बघून माझ्यातली तपासनीस जागी झाली. तो जवळजवळ सगळ्या उलाढालीचाच आकडा होता. एलिप्टिक नावाच्या ब्लॉकचेन तपासणाऱ्या कंपनीच्या तेव्हाच्या हिशेबात गुन्ह्याचे पैसे दीड अब्जाच्या घरात होते. दीड अब्ज काही कमी नव्हे. पण दुकानाचा सगळा गल्ला चोरीचा आहे असं इन्स्पेक्शन रिपोर्टात लिहिलं असतं तर माझा रिपोर्ट साहेबांनी परत फेकला असता. ईथरियमचा जनक व्हिटालिक ब्युटेरिन यानं तेव्हा सांगितलं, की युक्रेनला मदत पाठवायला मीही हे वापरलं होतं. ज्याला मदत करायची त्यालाच आडोसा मिळावा म्हणून. भाच्याचं दुःख आणि ब्युटेरिनचं कारण, दोन्ही मला खरी वाटतात. २०१७च्या पुट्टस्वामी निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क म्हटला, तो काय फक्त आधार कार्डापुरता आहे का?

दोन दिवसांनी पेर्त्सेव्हला ॲमस्टरडॅममध्ये अटक झाली. साइट गेली. ज्या साइटवर ते कम्प्लायन्सचं पान होतं, ती.

आणि जून २०२३मध्ये भाच्यानं तो ईथर विकायला काढला. एव्हाना भाव उतरून दीड लाखाच्या आसपास. एका देशी एक्स्चेंजवर पाठवला (नाव नको), आणि तिथं तो अडकला. कारण ७ मार्च २०२३च्या अधिसूचनेनं आपल्याकडच्या क्रिप्टो एक्स्चेंजना पीएमएलएखाली, म्हणजे मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली, आणलं होतं. म्हणजे त्यांच्याकडेही आता माझ्यासारखी एक बाई किंवा बुवा बसलाय, आणि त्याच्या स्क्रीनवर ‘थेट मिक्सरमधून’ असा लाल शिक्का लागला होता. मिक्सर म्हणजे टॉर्नेडोसारखी पैसे मिसळून माग पुसणारी सेवा. मेल आला, निधीचा स्रोत स्पष्ट करा. भाच्यानं उत्तर पाठवलं, की खासगीपणा हा माझा हक्क आहे. मग तिकडून तोच मेल परत. पुन्हा उत्तर, पुन्हा तोच मेल. तिसऱ्या आठवड्यात त्यानं मला फोन केला. फोनवर मी बराच वेळ काही बोलले नाही, ते त्याला फार लागलं असं तो नंतर म्हणाला.

पत्र मी सांगितलं, त्यानं टाइप केलं. असं पत्र माझ्या टेबलावर आलं तर मला काय हवं असतं, एवढाच विचार केला. हक्काची भाषा काढून टाकली. काम कुणाचं, करार कधीचा, बिलं कुठली, ती २०२१-२२च्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवली आहेत त्याचं पान. मग जुन्या पाकिटात पैसे आल्याचे व्यवहार. मग टॉर्नेडोतली ठेव. मग काढल्याचा दिवस, मे २०२२, म्हणजे निर्बंधांच्या आधीचा. ही तारीख ठळक कर म्हटलं. आणि ठेव व काढलेली रक्कम एकाच माणसाची हे जोडायला ती नोट. वापरून झालेली नोट म्हणजे फाडलेलं तिकीट, दाखवायला धोका नाही. त्यानं सुदैवानं ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवली होती, ‘मिसळ पाककृती’ या नावानं. पीडीएफ काढायला साइट नव्हती, तेव्हा त्याच्या मित्रानं तो कोड आपल्या मशीनवर चालवून जुळणी काढून दिली, आणि पलीकडच्या माणसाला ती स्वतः पडताळता यावी म्हणून पायऱ्या लिहून दिल्या.

सात आठवडे लागले. पैसे सोडले, आणि त्याच मेलात खातं बंद करण्याची विनंती केली. विनंतीच म्हणाले. भाच्याला तो अन्याय वाटला. मला नाही वाटला. त्या खुर्चीवर मी असते तर मीही हेच केलं असतं, कदाचित पाच आठवड्यांत.

पीएमएलएत ‘मिक्सर’ हा शब्द कुठे नाही. कलम ३ला आधी एखादा अनुसूचित गुन्हा लागतो, त्यातून आलेला पैसा लागतो, मग तो लपवणं, बाळगणं, वापरणं, निर्मळ म्हणून मिरवणं. भाच्याच्या पैशामागे गुन्हा नव्हता, तेव्हा त्यानं मनी लाँडरिंग केलं असं कुणी म्हणू शकत नाही. पण कायद्यात न बसणं आणि टेबलावरून फाइल पुढे सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा स्वच्छ होता. त्याचं पासबुक मात्र त्यानं स्वतःच गॅसचे पैसे भरून पुसलं होतं.

आता गर्दीबद्दल, कारण माझी खरी नाराजी तिथं आहे. स्टँड सगळ्यांना खुला, चपला सारख्या, आणि तुम्ही जितके साधे, निरुपद्रवी लोक आत जाल तितकं चोराला बरं. मार्च २०२२मध्ये रोनिन ब्रिज (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणारा पूल) लुटला गेला, साठ कोटी डॉलरच्या वर, आणि त्यातला मोठा वाटा त्या वसंतात टॉर्नेडोत शिरत होता. म्हणजे ज्या दिवसांत आमचं पोरगं आपला एक ईथर घेऊन रांगेत उभं होतं, त्याच दिवसांत पुढे प्योंगयांगची माणसं शेजारच्या टप्प्यात शंभर-शंभरच्या चपला ठेवत होती. त्यांनी आमच्या पोराला कधी विचारलं नाही, की तुझ्या सोबतीला उभं राहू का.

आणि मग मुंबई. १८ जुलै २०२४ला वझीरएक्स या आपल्याकडच्या क्रिप्टो एक्स्चेंजवरून तेवीस कोटी डॉलरच्या वर रक्कम चोरीला गेली. त्या सप्टेंबरात चोराच्या पत्त्यावरून ईथर टॉर्नेडोत जाताना सगळं जग बघत होतं. आमच्या कॅन्टीनमध्ये एका ज्युनिअरनं फोनवर दाखवलं. शंभर, शंभर, शंभर, अगदी लोकलच्या इंडिकेटरसारखं. त्याच्या मेहुण्याचे त्यात पैसे होते. तो म्हणाला, “मॅडम, दिसतंय ना, मग अडवत का नाही?” मी त्याला चपलांचा स्टँड समजावला नाही. जानेवारी २०२५मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं मिळून ही चोरी उत्तर कोरियाच्या नावावर टाकली. मेहुण्याला त्याचं काय करायचं?

कोर्टात काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण तिथं अजून सगळं अर्धवट आहे. हॉलंडमध्ये पेर्त्सेव्हला १४ मे २०२४ला पाच वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली, अपिलासाठी पुढच्या फेब्रुवारीत पायात पट्टा बांधून बाहेर आला. अमेरिकेत उलटं वारं. नोव्हेंबर २०२४मध्ये तिथल्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं म्हटलं, की कुणाच्याच ताब्यात नसलेला, न बदलणारा कोड ही कुणाची ‘मालमत्ता’ नव्हे, तेव्हा त्या कायद्याखाली त्यावर निर्बंध घालता येत नाहीत. २१ मार्च २०२५ला अर्थखात्यानं नाव यादीतून काढलं. तरी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीनं स्टॉर्मला विनापरवाना पैसे पाठवण्याचा धंदा चालवण्याच्या कटात दोषी धरलं. मनी लाँडरिंग आणि निर्बंध मोडण्याच्या आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं नाही. कोड करणारा दोषी की वापरणारा, यावर मला विचाराल तर भुलेश्वरच्या जिन्याखालचा माणूस दोषी होता, जिना बांधणारा गवंडी नव्हे. पण गवंडी जर त्या जिन्याखालच्या धंद्यात भागीदार असेल तर मी फाइल पुन्हा उघडीन.

निर्बंध उठले म्हणून आज कुणी वापरायला जाणार असेल, तर सेवेचे दोष तेवढे ऐका. दुकानाला मालक नाही, म्हणजे राखणही नाही. मे २०२३मध्ये कुणीतरी एका ठरावात फसवा कोड दडवून सगळी मतं आपल्या हातात घेतली आणि कारभारावरच कब्जा केला. ठेवी शाबूत राहिल्या, पण टॉर्नचा, म्हणजे कारभारात मत देणाऱ्या त्यांच्या नाण्याचा, भाव आपटला. फेब्रुवारी २०२४मध्ये उघडकीला आलं, की साइटच्या दर्शनी भागात घुसवलेला कोड जवळजवळ दोन महिने लोकांच्या नोटा गुपचूप बाहेर पाठवत होता. म्हणजे वडिलांच्या खिशात रोज कुणीतरी हात घालत होतं, आणि धावून पकडायला भैया तिसऱ्या चाळीतही नव्हता.

मार्च २०२५मध्ये ‘प्रायव्हसी पूल्स’ म्हणून एक सुरू झालंय. त्यात पैसे काढताना ‘माझी चप्पल या चोरांच्या यादीतली नाही’ एवढं सिद्ध करता येतं, कुठली ते न सांगता. ऐकायला मला हवं तसंच आहे. भाचा म्हणतो दाखवतो, मी म्हटलं आधी सरावाच्या जाळ्यावर, आणि या वेळीही तिळगूळ आणायला विसरू नकोस.

अभिप्राय म्हटला की तारे आलेच, तेव्हा देते. कारागिरीला पाच. कबूल केलेलं काम केलं म्हणून चार; एक गॅसपोटी कापला. सोबतीच्या गिऱ्हाइकांना शून्य. आणि माझ्यासारखीच्या टेबलावरून बघायचं तर दीड. अर्धा तारा त्या कम्प्लायन्सच्या पानाचा, जे मी एकदाच बघितलं.

लिस्बनवाला आता बँकेतून पैसे पाठवतो. ते येतात, पर्पज कोड लागतो, इनवर्डचा कागद मिळतो, आणि भाचा दर वेळी कापल्या गेलेल्या चार्जेसवर मला मेसेज करतो. त्या पत्रासाठी काढलेली नोटेची छापील प्रत माझ्याकडेच राहिली. साध्या कागदावर ती एकशे चोवीस अक्षरं, बाजूला माझी पेन्सिलीची टिपणं. कपाटात एफडीच्या पावत्यांबरोबर आहे. भाचा म्हणतो, “मावशी, फाड ती, कचरा आहे तो.” मी म्हटलं, कलम १२प्रमाणे व्यवहाराची कागदपत्रं पाच वर्षं जपायची असतात. व्यवहार मे २०२२चा. अजून मुदत आहे.